पाळीला कुलूप

हौशीराम कसा गेला, असं आमच्या मळ्यात कुणालाही विचारा. भावाच्या सुनेच्या मोबाइलमधलं ते चाक फिरत राहिलं आणि माणूस हकनाक गेला, असंच सगळे सांगतील. चहाच्या टपरीवर हेच, सोसायटीच्या पायरीवरही हेच. ऐकून माझं डोकं फिरतं. मी त्यांचा शेजारी आहे, त्या दिवशी बांधावर होतो, आणि चाक फिरत नव्हतं म्हणूनच माणूस गेला हे मला पक्कं ठाऊक आहे. पण रिटायर कंडक्टरचं ऐकतो कोण? सगळी नोकरी 'पुढे सरका, पुढे सरका' म्हणून ओरडण्यात गेली, तेव्हाही कुणी सरकलं नाही. म्हणून आता तोंडाची वाफ दवडत नाही, प्रतिभाची हकिगत सरळ लिहूनच काढतो.

प्रतिभा ही गेणभाऊंची सून, रामदासची बायको. माहेर तिचं पेठचं. वडिलांचं नाशिक रस्त्याला पंक्चरचं दुकान. पोरगी हुशार निघाली, मंचरला कॉम्प्युटर शिकली आणि पुण्यात एका कंपनीत दवाखान्यांसाठी वेबपेज बनवायला लागली. मग लग्न झालं आणि आली आमच्या पिंपरी पेंढारच्या मळ्यात शेण काढायला. मी हे कुचकेपणाने म्हणत नाही, ती खरंच शेण काढायची आणि तक्रार करायची नाही. सकाळचं आवरून ओतूरला कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायला जायची, माझ्याच एसटीने, मी तेव्हा नोकरीत होतो. बस थांब्यावर येण्याआधी पास हातात काढून ठेवणारी माणसं मी आयुष्यात मोजकीच पाहिली, त्यातली ही एक. बोलायची कमी. पण काही विचारलं की अर्धवट सांगून सोडून द्यायची नाही, तुम्हाला कळलं की नाही ते तोंडाकडे बघून तपासायची.

आता विहिरीचं सांगतो. ओढ्याकडेची ती विहीर तिघांची सामाईक. गेणभाऊ, त्यांचा धाकटा सख्खा भाऊ हौशीराम आणि चुलत पुतण्या कुंडलिक. मोटार एकच, पाण्यात सोडलेली. प्रत्येकाची पाळी ठरलेली आणि पाळीचा कायदा आमच्याकडे कोर्टापेक्षा कडक आहे. दुसऱ्याच्या पाळीत मोटारीला हात लावायचा नाही. सुरू करायची नाही, बंद तर मुळीच करायची नाही. गेणभाऊंच्या वडिलांनी ह्याच कारणावरून सख्ख्या भावाच्या पाठीत खोऱ्याचा दांडा घातला होता आणि हा किस्सा त्या घरात अजूनही कौतुकाने सांगतात.

शेतीची लाइट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीच्या आठवड्यात मोटार सुरू करायला उसातून जायचं कुणी? रामदासने एकदा विहिरीच्या कठड्यावर बिबट्या बसलेला पाहिला, तो तसाच उलट्या पावली घरी आला आणि दोन दिवस तापाने पडला. तेव्हा प्रतिभा म्हणाली, मी करते काहीतरी. तिने स्टार्टरशेजारी सिमकार्डाची एक पेटी बसवून घेतली आणि मोबाइलवर उघडेल असं पेज बनवलं. त्यावर दोनच बटणं, 'सुरू' आणि 'बंद'. तिन्ही वाटेकऱ्यांच्या मोबाइलवर तेच पेज. अंथरुणात पडल्या पडल्या मोटार सुरू व्हायला लागली, तेव्हा गेणभाऊंनी आख्ख्या भावकीला चहा पाजला. सून कशी आणली बघा, असं मला चारदा ऐकवलं.

ह्या पेजमध्ये तिने एक गोष्ट मुद्दाम घातली होती. कुणीही बटण दाबलं की पेज राखाडी पडायचं, मधोमध एक चाक फिरायला लागायचं आणि खाली अक्षरं यायची, 'थांबा, विहिरीचं उत्तर यायचं आहे'. तेवढ्यात दुसरं बटण दाबायला जाल तर दबायचं नाही. आणि हे एकाच्या मोबाइलवर नाही, तिघांच्याही. विहिरीवरच्या पेटीने 'झाली सुरू' किंवा 'झाली बंद' असं कळवलं की पेज पुन्हा उजळायचं.

मी तिला विचारलं, हे कशाला? तिने सांगितलं की बटण दाबणं आणि मोटार सुरू होणं ह्यात अंतर आहे. मधे रेंज आहे, टॉवर आहे. दाबलेलं मधेच कुठे रखडलं असेल, तर ते पोचेपर्यंत दुसऱ्याने काही दाबू नये आणि काहीतरी वाटेवर आहे हे सगळ्यांना दिसावं. मला चटकन कळलं. आम्ही गाडीत डबल बेल देतो. ती ऐकल्याशिवाय ड्रायव्हरने गाडी हलवायची नसते, मागे कुणाचा पाय पायरीवर आहे ते त्याला दिसत नाही.

हौशीरामलाही कळलं होतं. हा माणूस बिनलग्नाचा, स्वभावाने गाईसारखा. मळ्यात कुणाच्याही विहिरीत काही अडकलं, पडलं, तुंबलं की हौशीरामला बोलवायचं. त्याला मोबाइल चालवायला प्रतिभानेच शिकवलं. बटण दाबून तो ओसरीवर चाक बघत बसायचा आणि उजेड आला की तिला आत हाक मारून सांगायचा, आलं गं पोरी उत्तर. त्या घरात तिच्या कामाची दखल घेणारा माणूस तोच एक होता. तीही चहाचा पहिला कप सासऱ्याआधी त्याला नेऊन द्यायची, आणि ते सासऱ्यांच्या डोळ्यांत सलायचं.

भांडण कुंडलिकमुळे सुरू झालं, पण त्याला वाईट म्हणता येत नाही. तो भोसरीला कंपनीत. आत मोबाइल न्यायला बंदी, लॉकरमध्ये ठेवावा लागतो. चहाच्या सुट्टीत धावत जाऊन मोबाइल काढायचा, मोटार सुरू करायची आणि परत मशीनवर. आमची विहीर ओढ्यात, खोलगट जागी, रेंज येते-जाते. त्याने बटण दाबलं की चाक फिरायला लागायचं आणि सुट्टी संपायची. लागली का मोटार, नाही लागली, काही कळायचं नाही. असं होता होता त्याचं कांद्याचं रोप एका आठवड्यात वाळून गेलं. रविवारी आला तो रोपाची वाळकी जुडी हातात घेऊनच गेणभाऊंच्या पडवीत उभा राहिला.

तिथे बैठक बसली. मलाही बोलावलं होतं, साक्षीला म्हणा. कुंडलिकने सांगितलं ते खोटं नव्हतं. पण गेणभाऊंनी त्याला निराळंच वळण दिलं. एकाने दाबलं की तिघांचे मोबाइल अडतात, म्हणजे ज्याची पाळी आहे त्याच्या हक्कालाच कुलूप लागतं, असं त्यांचं म्हणणं.

"माज्या बापाच्या पाळीला कुनी हात लावला न्हाई," गेणभाऊ म्हणाले, "आन् आता सून कुलूप लावनार व्हय?"

प्रतिभा दारात उभी होती. तिने पदर सावरला आणि शांतपणे बोलली. "मामा, हे कुलूप पाळीला नाही. विहिरीकडे काहीतरी निघालंय आणि अजून पोचलं नाही, एवढंच ते सांगतं. हे काढलं तर दाबलेलं वाटेत साठून राहील आणि कधीही पोचेल. तेव्हा विहिरीत कोण असेल ते कुणाला माहीत?"

हौशीराम म्हणाला, राहू द्या की, थांबायला काय जातंय. गेणभाऊंनी त्याला तिथल्या तिथे गप्प केलं. तुला ना बायको ना पोर ना घाई, म्हणाले. सगळे हसले. रामदासही हसला, हे मी पाहिलं आणि तिनेही पाहिलं. मग कुंडलिकने हात जोडून, वहिनी एवढं करा, माझं पोट त्या नोकरीवर आहे आणि जीव त्या शेतावर, असं म्हटलं. संध्याकाळी तिने स्वतःच्या हाताने ते काढून टाकलं. काढल्यावरही प्रत्येकाला बसवून पुन्हा सांगितलं, एकदाच दाबा, पोचल्याशिवाय दुसऱ्यांदा दाबू नका. माना सगळ्यांनी हलवल्या.

पेज आता सुसाट झालं. म्हणजे दिसायला. बटण हवं तितक्या वेळा दाबता यायचं, त्यामुळे लोक दाबायचेच. लागली नाही मोटार की दाब, परत दाब. रामदास तर कुणी दार उघडत नसताना कडी वाजवावी तसा बडवायचा. आता कसं मोकळं वाटतंय, असं गेणभाऊ मला म्हणाले.

थंडीचे दिवस होते, दिवसाची लाइट. कुंडलिकची पाळी चालू होती. सकाळी लाइट मधेच गेली आणि आली, त्यामुळे मोटार बंद पडून राहिली. टॉवरचं काहीतरी बिनसलं होतं, विहिरीवर रेंज नव्हती. तिकडे भोसरीत कुंडलिकने चहाच्या सुट्टीत मोबाइल काढला आणि 'सुरू' दाबलं. काही होईना म्हणून दाबत राहिला. मग सुट्टी संपली, मोबाइल लॉकरमध्ये गेला.

हौशीरामने घरून निघताना पेज पाहिलं होतं. त्यावर 'बंद' होतं. विहिरीवर येऊन त्याने कान दिला, मोटार गप्प. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. मी माझ्या बांधावर गवत कापत होतो. कुंडलिकला पाणी कमी येतंय, मोटारीची जाळी शेवाळाने तुंबली असणार, तो बिचारा कंपनीत आहे तोवर मोकळी करून ठेवतो, असं मला सांगून तो धोतर खोचायला लागला.

आता कुणीही विचारील, त्याने फ्यूज का काढला नाही? जुन्या काळापासून विहिरीत उतरणारा फ्यूज काढून खिशात घालायचा आणि मगच उतरायचा. पण पेटी बसल्यापासून फ्यूज काढला की पेटीही मरायची आणि पुन्हा जागी व्हायला वेळ घ्यायची. आपल्या पाळीत हौशीराम खुशाल काढायचा. ही पाळी कुंडलिकची होती. दुसऱ्याच्या पाळीत मोटारीला हात लावायचा नाही, हे त्याच्या रक्तात होतं. त्याला वाटलं असणार, आपण खाली असताना कुंडलिकने बटण दाबलं तर पोराला मोटार मेलेली दिसेल, हकनाक घोर लागेल. बटण दाबून झालेलं आहे हे त्याला कोण सांगणार? ते सांगणारं चाक आम्ही पडवीत बसून काढून टाकलं होतं.

तो खाली उतरून थोडा वेळ झाला असेल. मोटारीची घरघर ऐकू आली. मी गवत कापतच होतो. लागली एकदाची, असं मनात आलं आणि दुसऱ्या क्षणी विळा टाकून धावलो. फ्यूज ओढला. खाली कमरेएवढ्या पाण्यात तो पाइपाला मिठी मारल्यासारखा वाकलेला होता. मी हाका मारल्या. त्याने वर पाहिलं नाही. केबलचा जोड ओला होता, मोटार लागली तशी सगळ्या पाण्यात लाइट उतरली होती. रामदास आणि आणखी दोघांनी त्याला वर काढला, ओतूरला नेला. डॉक्टरांनी हात लावला आणि मान हलवली.

कुंडलिक संध्याकाळी आला तो रस्त्यापासून ओरडतच, मी दाबलं, मी दाबलं. गेणभाऊंनी त्याला आत नेऊन गप्प बसवलं. पोलिसांनी अपघात म्हणून लिहून घेतलं आणि ते बरोबरच होतं, मुद्दाम कुणी काही केलेलं नव्हतं. पण गावाला अपघात पुरत नाही. गावाला माणूस लागतो. कुंडलिकला धरावं तर तो रडून अर्धा झालेला आणि भावकीतला. गेणभाऊंना कोण धरणार? राहिली ती. बाहेरून आलेली, शिकलेली, पेज तिचं. चाक कुणी काढायला लावलं ते चारचौघांना माहीत होतं, पण पहिल्या आठवड्यातच गोष्ट उलटी झाली, चाक फिरत राहिलं म्हणून मोटार बंद करता आली नाही, अशी. मी दोघांना टपरीवर आडवा गेलो. ते म्हणाले, कंडक्टर, तुला काय कळतंय मोबाइलमधलं.

प्रतिभाने सासऱ्याकडे एकच मागितलं. दहाव्याला चार गावचे लोक येतील, तिथे एवढंच बोला की चाक आपण सगळ्यांनी मिळून काढायला लावलं होतं. दोष कुणावर टाकू नका, मलाही सोडवू नका, फक्त झालं ते सांगा. नाहीतर दुसऱ्या कुणाच्या तरी विहिरीवर हेच होईल. गेणभाऊ बघतो म्हणाले. दहावा ओतूरला मांडवी नदीच्या काठी झाला. आमच्याकडे दहाव्याला भाषणं होतात, हे बाहेरच्यांना खरं वाटत नाही. माइक असतो, श्रद्धांजलीला रांग असते. एक पुढारी उठला. त्याने हौशीरामला आयुष्यात पाहिलेलं नव्हतं. शेतकऱ्यांनो, ऑनलाइनच्या नादी लागू नका, घरातल्या पोरीबाळींच्या हाती आपला जीव देऊ नका, असं तो म्हणाला. बायकांच्या गर्दीतून माना वळल्या आणि प्रतिभावर येऊन थांबल्या. तिच्या मांडीवर तिची लहानगी श्रेया झोपलेली होती. गेणभाऊंच्या हातात माइक आला तेव्हा ते, माझा भाऊ देवमाणूस होता, एवढंच बोलले आणि रडले. रडणं खरं होतं. म्हणून तर मला जास्त राग आला.

त्यानंतर तिने क्लासला जाणं सोडलं. पोरं कुजबुजायची, म्हणाली. ओसरीवर चहाचा कप घेऊन गेली की थोडा वेळ रिकाम्या जागेकडे बघत उभी राहायची आणि परत फिरायची.

मोटार मात्र थांबवून चालत नाही. महिनाभरात गेणभाऊंनी ओतूरच्या एका दुकानदाराकडून दुसरं पेज करून घेतलं. त्यात चाक नाही, थांबा नाही, काही नाही. दाबा आणि मोकळे व्हा. त्याचा पासवर्ड तिला द्यायचा नाही, असं घरात ठरलं. कुंडलिकने तेव्हापासून बटणाला बोट लावलेलं नाही, त्याची बायको सोनीबाई भोसरीतून मोटार लावते. आणि हौशीराम नाही म्हटल्यावर जाळी साफ करायला उतरणार कोण? रामदास.

परवा जाळी पुन्हा तुंबली. पाळी सोनीबाईची. रामदासने कमरेला दोर बांधला, दोराचं दुसरं टोक धरायला गेणभाऊंनी मला हाक मारली. मी फ्यूज काढा म्हणालो. गेणभाऊ म्हणाले, पाळी आपली न्हाई. माणूस गेला तरी हे वाक्य जागचं हललं नव्हतं.

एवढ्यात प्रतिभा घरातून धावत आली. तिने सोनीबाईला फोन लावून पाहिला, रेंज नव्हती. पुन्हा लावला. मग कुणाशी काही न बोलता ती विहिरीच्या वरच्या पायरीवर बसली. पायरी एकाच माणसाच्या रुंदीची. ती बसल्यावर खाली जायला जागाच उरली नाही.

रामदास म्हणाला, "उठ. बंद हाय. मी आत्ता बघितलंय."

"काकांनीही बघितलं होतं," ती म्हणाली.

गेणभाऊ बरंच बोलले. एक माणूस खाल्लास, आता पाळीपण घालवणार का, इथवर बोलले. आजूबाजूच्या मळ्यांतून चार माणसं जमली, त्यांच्यासमोर बोलले. सासऱ्यापुढे ज्या बाईने कधी मान वर केली नव्हती ती विहिरीकडे तोंड करून नुसती बसून राहिली. सोनीबाईंशी बोलणं झाल्याशिवाय मी उठणार नाही, एवढं एकदा म्हणाली. रामदास दोर बांधून तसाच उभा. मला वाटतं, शरमेने त्याला तिला ओढायचंही होतं आणि ओढवतही नव्हतं.

आणि मोटार लागली.

इथे कुणी काही दाबलेलं नव्हतं, सोनीबाईने भोसरीत केव्हातरी दाबलेलं आत्ता पोचलं होतं. पाइप थरथरला, खाली पाणी हललं. रामदासने माझ्या खांद्याला हात लावला. प्रतिभा पाण्याकडे बघत होती आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. मला वाटलं, आता तरी हा म्हातारा बोलेल. एक शब्द बोलला असता तरी तिच्या डोक्यावरचं सगळं उतरलं असतं. गेणभाऊंनी कठड्याला धरून खाली पाहिलं, कितीतरी वेळ पाहिलं. मग घसा साफ केला.

"उठ आता," ते म्हणाले. "सोनीबाईची पाळी चालू झाली. बारं धराया पायजे."

ती उठली, पदराने तोंड पुसलं आणि फावडं घेऊन सोनीबाईच्या शेतात पाणी द्यायला निघून गेली. जमलेले लोकही पांगले. जाळी तुंबलेलीच आहे. ती मोकळी करायला येत्या आठवड्यात रामदास उतरणार आहे, आणि ती पाळीसुद्धा त्यांची नाही.